रोझारियाची घंटी

रोझारिया आधी समोरच्याच्या कडेवरचं मूल काढून घेई आणि मग नमस्कार करी. सिसिलीतल्या कातानिया शहरात आम्ही उतरलो त्या पहिल्याच दिवशी, मी जिन्यात बॅगा मोजत असताना, समोरच्या दारातून ही सत्तरीची बाई आली. माझ्या कडेवरचा नऊ महिन्यांचा निनाद तिने स्वतःच्या कडेवर घेतला, चार वर्षांच्या ईराचे अनवाणी पाय पाहून कपाळाला हात लावला आणि मग म्हणाली, "मी रोझारिया." परवानगी वगैरे पुणेरी प्रकार तिच्या गावीही नव्हते.

नवऱ्याला हिंजवडीच्या ऑफिसने दोन वर्षांसाठी तिकडे पाठवलं होतं. माझं क्लासमधलं इटालियन आणि तिचे दोन हात, यांवर आमच्या गप्पा चालत. "फरशीचा गारवा तळपायातून थेट पोटात शिरतो," हे तिचं वैद्यक. दिसेल त्या मुलाला मोजे चढवायची. एका बाबतीत मात्र कातानिया आणि आमची शनिवार पेठ सख्ख्या बहिणी. दुपारी एक ते चार सगळं बंद.

अशाच एका दुपारी दोन वाजता निनादला आंघोळ घालून बाहेर आले, तर दार सताड उघडं आणि ईरा नाही.

ओल्या निनादला टॉवेलात गुंडाळून मी चौकात धावले. शटरं खाली, चिटपाखरू नाही आणि चौकापलीकडे भरधाव गाड्यांचा रस्ता. हाका मारल्या; त्याही, खरं सांगते, बेताच्या आवाजात. परत येऊन रोझारियाच्या घंटीपर्यंत बोट नेलं आणि मागे घेतलं. लोकांच्या झोपेच्या वेळी घंटी वाजवायची नसते, हे माझ्या रक्तातच होतं. पुन्हा चौक, पुन्हा रस्ता, पुन्हा घंटीपाशी अडलेलं बोट. पाऊण तास. शेवटी पायरीवर बसून रडले, तेही टॉवेलाचं टोक तोंडात कोंबून.

तेवढ्यात रोझारियाचं दार उघडलं. आत पलंगावर ईरा गाढ झोपलेली, पायात रोझारियाचे मांडीपर्यंत पोचलेले लोकरी मोजे.

"मला सांगितलं का नाहीत?" माझा आवाज तेव्हा कुठे फुटला.

"काय सांगायचं? जिन्यात अनवाणी फिरत होती, आत घेतली. घरातच तर होती. पण तू घंटी का नाही वाजवलीस?"

"तुमची झोप मोडली असती."

 निनादला माझ्या कडेवरून काढून घेत ती म्हणाली, "पोरी, मूल हरवलंय आणि तू म्हातारीची झोप राखत बसलीस?"

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिच्या मुलाचा फोन आला, तेव्हा एव्हाना कॉलेजात जाऊ लागलेली ईरा उठली आणि पायांत मोजे घालून बसली.

पुण्यात आमच्या दारावर अजून पाटी आहे : 'दुपारी १ ते ४ घंटी वाजवू नये.' त्या संध्याकाळी मी खाली एक ओळ वाढवली. सोसायटीतले लोक ती वाचून हसतात, हसोत.

'मूल सापडत नसल्यास जोरात वाजवावी.'