गर्डर बसेपर्यंत

बाबांचं म्हणणं होतं, बसनंच यावं. मीच मोडता घातला. रविवारच्या बसचा काही भरवसा नसतो, जागा मिळत नाही, उपाशीपोटी उभं राहून चक्कर येईल; तुमसर रोड स्टेशनावरून सकाळची गाडी धरा, नऊला नागपुरात उतरा, असं मी फोनवर ठणकावून सांगितलं. ठणकावून सांगायची मला खोडच आहे. आणि त्या सकाळच्या गाड्यांचं मला नाही कळणार तर कुणाला? गाड्या ज्या कामासाठी थांबणार होत्या, त्याच कामावर मी सुपरवायझर होतो.

मेट्रोचा मार्ग वाढवून थेट शहरातल्या मोठ्या स्टेशनात आणायचं काम चाललं होतं. स्टेशनाच्या तोंडाशी रेल्वेचे जुने रूळ खालून जातात. त्यांच्यावरून दोन खांबांवर लोखंडी गर्डर ठेवायचा होता. त्यासाठी तेवढा वेळ खालच्या सगळ्या गाड्या बंद आणि वरच्या तारेतली वीजही बंद. त्याला आमच्याकडे ब्लॉक म्हणतात. पहाटे पाच ते आठ असा ब्लॉक मिळाला होता. आठला काम संपणार, नऊला बाबांची गाडी येणार. मध्ये एक तास मोकळा ठेवला म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

बाबांच्या डोळ्याचं निमित्त अगदी साधं होतं. आंबागडला घरच्या धानाची मळणी चालू असताना उजव्या डोळ्यात कुसळ गेलं. त्यांनी पाण्यानं डोळा धुतला, मेडिकलमधून थेंब आणून घातले आणि पुन्हा मळणीला लागले. पंधरा दिवसांनी बुबुळावर पांढरं पडलं. डावा डोळा आधीपासूनच अधू. शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम आत पसरतेय, बुबुळ बदलावं लागेल, कुणाचं दान आलं की फोन करू. तो फोन शनिवारी संध्याकाळी आला. रविवार असूनही त्या मुद्दाम येणार होत्या. पेशंटनं उपाशीपोटी बारापर्यंत पोचायचं, नाहीतर ते बुबुळ यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. थांबून राहणारी वस्तू नव्हती ती.

सात वाजता गर्डर क्रेननं उचलून खांबांवरच्या जॅकवर टेकवला. आता चारही जॅक सारखे खाली घ्यायचे, की गर्डर आपल्या जागेवर बसला. तीन जॅक उतरले. चौथ्यातून तेल गळायला लागलं आणि तो मध्येच अडकला. एक कोपरा वीतभर वर आणि खाली रूळ. अशा गर्डरखालून गाडी सोडणं म्हणजे माणसं मारणं. बदली जॅक आणायला गाडी पिटाळली. आठ वाजले, आणि ब्लॉक वाढवून मागावा लागला.

साडेआठला गाडीतून, बाबांसोबत निघालेल्या मायचा फोन आला. "गाडी वरठीले उभी हाय. काहून थांबली रे?"

"निघतेच आता. बसून राहा तुम्ही, उतरू नका," मी म्हणालो.

वरठी म्हणजे भंडारा रोड स्टेशन. तिथून भंडारा गाठून बस धरली असती, तर दोघंही वेळेत पोचले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. पण जॅक दहा मिनिटांत येतो म्हणत होते, म्हणून मीही दहा मिनिटं म्हणत होतो. सव्वानऊला पुन्हा दहा मिनिटं. जॅक आला, तर त्याचा पाइप बसेना. दहाला मी ओरडलोच, "उतरा आणि ऑटो धरा!" तोवर गाडीतली निम्मी माणसं उतरून गेली होती. स्टेशनाबाहेर एकही ऑटो उरला नव्हता. माय बाबांचा हात धरून बाहेरपर्यंत गेली आणि परत येऊन डब्यात बसली.

भंडाऱ्यात ओळखीच्या एकाला मोटरसायकल घेऊन पाठवावं म्हणून फोन लावला, तर तो लग्नाला परगावी. तेवढ्यात माझ्या साहेबांनी फोनवर विचारलं, "अजून किती?" माझ्या तोंडावर आलं होतं, की झालं साहेब, सोडा गाड्या. त्या गाडीत माझे आईबाप बसलेत हे मी साहेबांना सांगितलंही. ते म्हणाले, "मग काय करू, सांग." "तासभर लागेल," मी म्हणालो. माझ्याच तोंडानं म्हणालो. त्या लोखंडाच्या धुडाचा मला इतका राग आला, की हातातला पाना मी खांबावर फेकून मारला. त्यानं काय होणार होतं?

दवाखान्यात फोन केला. नर्सबाई चांगल्या होत्या. "यादीतली पुढची बाई भरती आहे, तिचा डोळा फुटायच्या बेतात आहे. मॅडम फार तर साडेबारापर्यंत थांबतील," त्या म्हणाल्या.

सव्वाअकराला गर्डर बसला. साडेअकराला वरठीहून गाडी सुटली. मी कपडेही न बदलता फलाटावर जाऊन उभा राहिलो. पावणेएकला गाडी आली. बाबांना जवळजवळ उचलूनच मी ऑटोत बसवलं. आम्ही पोचलो तेव्हा ऑपरेशनच्या खोलीवरचा लाल दिवा लागलेला होता. आत ती बाई होती. तिच्यावर तरी कसं रागवायचं? पुढचं दान आलं की फोन करू, असं आम्हाला सांगितलं. तो फोन नंतर आला खरा, पण तोवर बाबांच्या त्या डोळ्यात वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

त्या दुपारी मात्र आम्हाला हे माहीत नव्हतं. आम्ही तिघं दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. बाबांनी डोळ्यावर माझा रुमाल धरला होता. मला राहवेना. "बाबा, गाड्या अडल्या ते गर्डरचं काम आमचंच होतं. मीच होतो तिथं," मी म्हणालो.

"हाव, मले मालूम होतं."

"कसं?"

"डब्यातले लोक शिव्या देऊन राहिले होते. मेट्रोवाल्यायच्या माय-बहिणी काढून राहिले होते. मी म्हनलं, शिव्या नोका देऊ भाऊ, माहा पोरगा हाय तेथी. तं चूप बसले."

माय पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होती. बाबांनी रुमालाची घडी बदलली आणि मग अगदी घरच्या बैलाची चौकशी करावी तसं विचारलं, "बसला का मंग थो बरोबर?"

"बसला," मी म्हणालो.