पचमढीचं झाड

"हळू बोला गा, ते पचमढीचं आहे!"

बडेबाबूंच्या फाटकातून आत पाऊल टाकलं की नमस्काराआधी हे वाक्य अंगावर यायचं. 'ते' म्हणजे कडुनिंबाखालच्या मोठ्या कुंडीतलं त्यांचं व्हायबर्नमचं झुडूप. एका हाताचं बोट ओठांवर आणि दुसऱ्या हातात ताडाचा पंखा. झुडपाला वारा घालणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी रोज पाहत होतो.

ते आमच्या कचेरीतले हेडक्लार्क आणि नागपुरात सीताबर्डीला माझे सख्खे शेजारी. उन्हाळा आला की मध्यप्रांताचं सरकार पचमढीला चढायचं आणि त्याच्यामागे आम्ही कारकून फायलींची गाठोडी घेऊन चढायचो. तिथे एका साहेबाच्या बागेत त्यांनी हे झुडूप फुललेलं पाहिलं. पांढऱ्याशुभ्र फुलांचे गेंद, एकेक नारळाएवढा! बडेबाबू वेडे झाले ते झालेच. माळ्याशी गोड बोलून मुळं फुटलेली एक फांदी मिळवली, ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि आगगाडीत पचमढीखालच्या पिपरिया स्टेशनापासून मांडीवर घेऊन बसले. मला म्हणाले, "तू उभा राह्य ना गा, त्याले खिडकी लागते." मी उभा राहिलो. तुम्हीही राहिला असता. त्यांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणणं कुणाच्या बापाला जमलं नसतं.

आता हे झाड नागपूरच्या वैशाखात जगवायचं कसं? त्यासाठी त्यांनी उन्हाळ्यात पचमढीला जायची आपली पाळी सोडून दिली. ज्या पाळीसाठी आम्ही एकमेकांचे गळे धरायचो, ती पाळी! शिवाय घरात गारव्यासाठी दाराला लावलेली वाळ्याची ताटी काढून कुंडीभोवती उभी केली आणि तिच्यावर दिवसभर पाणी शिंपडत बसले.

"मी इथं उकडून राहिली, आन् त्या काडीले वाळा!" त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. "सवत आणली असती तं निदान पोळ्या तरी लाटल्या असत्या तिनं!"

"हळू बोल वं," बडेबाबू म्हणायचे.

झाड जगलं, पण फुलेना. चूक बडेबाबूंचीच होती. पावसाळा संपला की नागपुरात गुलाब छाटतात, म्हणून त्यांनी याचीही तशीच हजामत केली. हे झाड पुढल्या फुलांच्या कळ्या जुन्या फांद्यांच्या शेंड्यांवर आधीच धरून बसतं. छाटलेल्या काड्या हातात घेऊन पाहताना हे त्यांच्या ध्यानात आलं आणि ते दोन दिवस जेवले नाहीत. तेव्हापासून घरात कात्री दिसली की ओरडायचे. न्हाव्यालासुद्धा मागच्या दाराने यावं लागे.

मग एका फाल्गुनात शेंड्यावर हिरवट गोळा दिसला. बडेबाबूंनी कुंडीला काजळाचं बोट लावलं. गोळा पांढरा होऊ लागला तसं त्यांनी गल्लीतल्या झाडून साऱ्यांना चहाचं आमंत्रण दिलं. "रविवारी या गा. एकच आहे, पण पाहून घ्या."

आम्ही कोट-टोपी घालून हजर! झुडपावर धुतलेलं धोतर पांघरलेलं. बडेबाबू खाकरले, आमच्याकडे पाहून हसले आणि त्यांनी धोतर ओढलं.

पानं होती. नुसती पानं. शेंड्याला ताजा खुडलेला देठ.

कुणी हसलं नाही. बडेबाबू धोतराचा बोळा छातीशी धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मागितलं होतं ते एवढंच.

तेवढ्यात वहिनी फाटकातून आत आल्या. केस ओले, हातात पूजेचं रिकामं ताट.

"टेकडीवरच्या गणपतीले वाहून आली मी," त्या म्हणाल्या. "तुमचं झाड फुलू दे म्हणून नवस बोलली होती. पयलं फूल त्याचं."

"तू? नवस? काहून वं?"

"काहून म्हणजे? तुमचं तोंड पाहवत नव्हतं मले."

"मंग मले सांगतलं काहून नाही?"

"सांगतलं असतं तं तोडू दिलं असतं तुमी?"

बडेबाबूंनी धोतर कुंडीवर टाकलं. "चला गा सारे!" म्हणाले आणि अनवाणीच निघाले. चहा चुलीवर, आणि अख्खी गल्ली वरातीसारखी टेकडीकडे! वाटेत लोक विचारत होते, कोणाचं लग्न आहे? आम्ही म्हणत होतो, "या, या, तुम्हीपण या!"

गाभाऱ्यात जास्वंदींच्या गर्दीत तो पांढरा गेंद बसला होता. देवापेक्षा ऐटीत. आम्ही टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यांवरून पाहिलं. पुजारी बुचकळ्यात पडलेला.

"असं फूल कधी पाहिलं नाही बा. कोणाचं आहे?"

आम्ही सगळ्यांनी बडेबाबूंकडे पाहिलं. त्यांनी डोळे पुसले आणि वहिनींकडे बोट दाखवलं.

"हिचं."

बडेबाबूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या काळी नवरा पुढे आणि बायको मागे, असंच चालत. त्या सकाळी टेकडी उतरताना ते मध्येच थांबले. वहिनीही सवयीने मागेच थांबल्या. बडेबाबू थांबूनच राहिले. शेवटी वहिनी लाजत त्यांच्याशेजारी आल्या, आणि दोघं साऱ्या गल्लीदेखत बरोबरीने खाली उतरले.