बाबांचे साचे

लालबागच्या आपल्या चाळीतून मी निघालो तो सकाळी, हातात डबा घेऊन. आईने तो गिरणीसाठी भरला होता. ती गॅलरीतून बघत होती म्हणून कोपऱ्यापर्यंत गिरणीच्या वाटेने गेलो, मग कॉटन ग्रीनकडे वळलो आणि गोदामांच्या मागून थेट गोदीत. खिशात खलाशाचं पुस्तक होतं, म्हणजे बोटीवर नोकरीचा परवाना, गुपचूप काढलेला. दुपारी बोट सुटली. रडूबिडू काही आलं नाही. कठड्याला टेकून आईची भाकरी खाल्ली आणि, खोटं कशाला बोलू, हसत होतो.

चाळीच्या स्मरणिकेसाठी माझ्या धाकट्या बहिणीने, सुमनने, लेख मागितलाय. विषयही तिचाच: ‘दादा, तुझी प्रवासाची हौस.’ हौस होतीच. शाळा बुडवून शिवडीला बोटी बघत बसायचो, गठ्ठ्यांवर छापलेली गावांची नावं पाठ करायचो. आई म्हणायची, “ह्येच्या पायाक भिंगरी बांदलली हा.” ती भिंगरी चाळीस वर्षं फिरली आणि लिव्हरपूलला थांबली. आता सेंट्रल हीटिंगच्या फ्लॅटमध्ये बसून नातवंडांना नकाशे दाखवतो. मराठी फोनवरच, तीही सुमन उचलेल तेव्हा.

पण मी कसा निघालो ते तिला ठाऊक नाही. तेव्हा ती चार वर्षांची होती.

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. बाबा गिरणीत विणकर, दोन साचे चालवायचे. साचा म्हणजे माग. त्यांनी सत्याग्रहाच्या तुकडीत नाव दिलं. आपल्याकडे रीतच होती, माणूस गावी गेला किंवा आत गेला की घरातला कुणीतरी त्याच्या जागी बदली उभा राहायचा, म्हणजे साचे घरचेच राहायचे. बाबांनी जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, सांगून माझं नाव बसवलं. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मी येयसर साचे सोडू नको.” मी हो म्हटलं. नऊ दिवस साचे चालवलेही. दहाव्या दिवशी गोदीतून निरोप आला, बोटीवर जागा आहे, उद्याच ये.

जॉबर आपल्याच गावचा, सांभाळून घेईल, अशी मी मनाची समजूत घातली. गाववाल्याने दोन दिवस वाट पाहिली आणि तिसऱ्या दिवशी साचे स्वतःच्या मेव्हण्याला दिले. त्याला नावं ठेवायला मला तोंड नाही.

बाबा सुटून आले तेव्हा चाळीने हार घातले. दुसऱ्या सकाळी हा पन्नाशीचा पक्का विणकर गिरणीच्या फाटकाशी बदलीवाल्यांच्या घोळक्यात उभा होता. कुणी रजेवर असेल तर आत, नाहीतर घरी. कायमचे साचे त्यांना पुन्हा मिळाले नाहीत. हे आईने कळवलं. पत्र मला मोंबासाला मिळालं. दोनदा वाचलं, घडी घालून ठेवलं आणि संध्याकाळी गाव बघायला बाहेर पडलो. त्या संध्याकाळची मला सगळ्यात जास्त लाज वाटते, कारण गाव मला फार आवडलं.

घरी तोंड दाखवायची हिंमत नव्हती, म्हणून एकामागून एक बोटी धरत गेलो. राज्य झाल्यावर एकदाचा आलो. चाळीत शिरलो तर जो तो पाठ थोपटतोय. शेजारचा म्हणाला, “नशीबवान रे तू. बाप स्वतः तुरुंगात, तरी पोराला परदेशी धाडलं. आमच्याने नसतं झालं.” मला कळेचना.

आत बाबा होते. हळूच म्हणाले, “मीच धाडलंय तेका, असा सांगलंय सगळ्यांक. तू गप रव.” मग जरा सरकून मला जवळ बसवलं आणि विचारलं, “मोंबासा कसा असा?”

मी सांगत बसलो. रंगून जाऊन, हातवारे करून. माफी मागायची राहिली, ती राहिलीच.

तर सुमन, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले तुम्ही सगळे, ऐका. बाबांनी मला धाडलं नव्हतं. मी पळालो होतो. इतकी बंदरं पाहिली, पण घर कुठलं म्हणून कुणी विचारलं की मला ती एकच खोली आठवते, जिथे सत्याग्रह करून आलेला माणूस माझ्यासाठी मरेपर्यंत खोटं बोलत राहिला.