राजय्यामामांची मरळ

गळाला लागलेला पहिला मासा राजय्यामामा कधी स्वतःच्या घरी नेत नसत. आमच्या चाळीत कोणी आजारी असेल, पोटुशी असेल, तर आधी त्या दारात. मागावर चादरी विणणारा हा तेलुगू माणूस. रविवार उजाडला की पेठेमागच्या तळ्यावर हजर.

"मामा, बाजारात मिळतात की मासे," मी एकदा म्हणालो.

"मास्तर, आठवडाभर मागाची खडखड ऐकायची. एक दिस गप पाण्याकडं बघू द्या की. आन् इकतचा मासा वाटण्यात काय मजा? बहात्तरच्या दुष्काळात ह्याच तळ्यानं आमची चूल चालिवली."

पुढं रंगाच्या कारखान्यांचं पाणी तळ्यात यायला लागलं आणि काठावर पाटी लागली : येथील मासे खाऊ नयेत. मामा हसले. "पाटी लावणाऱ्यानं हितला मासा कवा खाल्लाय? चिंचेत शिजिवला की इख बी उतरतं."

माझी बायको सुमन तेव्हा गरोदर होती. आधीचं मूल सातव्या महिन्यात गेलेलं, त्यामुळे आमचा जीव टांगणीला. तळ्यातला मासा घरात आणायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मी मामांना तसं स्पष्ट सांगितलं.

"न्हाय मास्तर, पोरीसाठी लांब होटगीच्या तळ्यावर जातो की, तितलं पाणी चांगलं हाय. तुमची सायकल तेवढी द्या. मरळीनं अंगात रगत भरतं."

मग काय! दर रविवारी मी स्वतः हवा भरून सायकल द्यायचो. ते मरळ आणायचे, साफ करून, हळद लावून. सुमन बोटं चाटून खायची. देवमाणूस, देवमाणूस म्हणून मी त्यांचं कौतुक गावभर सांगत सुटलो होतो.

एका रविवारी शाळेच्या कामासाठी तळ्यावरून चाललो होतो. त्या पाटीला माझी सायकल टेकवलेली. खाली मामा गळ टाकून बसलेले.

मी तसाच काठ उतरून खाली गेलो. "मामा, ही होटगी का?"

ते गडबडून उठले. "गुडघं चालत न्हायत मास्तर. तितवर जाववत न्हाय. आन् पोरीच्या दारात मोकळ्या हातानं कसं येऊ?"

"म्हणून खोटं बोललात? तिच्या पोटातल्या जिवाशी खेळ?"

"मी बी त्योच खाल्ला की! नातवंडांनी खाल्ला. काय झालं कुणाला?"

सायकल ओढत घरी आलो. सुमनला सांगितलं, तर ती रडलीसुद्धा नाही. पोटावर हात ठेवून नुसती बसून राहिली. बाळंत होईपर्यंत आम्हाला धड झोप नव्हती. परक्यानं फसवलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. घरच्या माणसाला काय म्हणायचं?

मुलगी झाली, सुखरूप. बारशाला न बोलावताही मामा आले. उंबऱ्याबाहेरूनच पाळण्याकडे बघून त्यांनी डोळे पुसले.

"बगा मास्तर, कशी गुटगुटीत हाय. मासा चांगलाच हुता."

माशाचं मी विचारतच नव्हतो. 'चुकलो' एवढा एक शब्द ऐकायला मी दार धरून उभा होतो.

"लई चांगला हुता," ते पुन्हा म्हणाले.

मी दार लावून घेतलं.