अर्बाबच्या रेडिओवरचं जातं

आटपाट माबेला होतं, तिकडं आखातात. तिथं होता एक अर्बाब, म्हणजे अरबी मालक, त्याचं खोलीभर रेडिओ स्टेशन, रेडिओवर गावाकडची गाणी लावणारा माझा अनंता आणि अनंताची आई, म्हणजे मी. शाळा मी बघितली नाही, पण किस्से माळ्यावरच्या सामानासारखे साठलेत. एक ओढला की चार अंगावर पडतात!

*

पहिल्यांदा स्टुडिओत गेले, तर भिंतभर अंड्यांचे ट्रे!

"आई, आवाज घुमू नये म्हणून लावलेत."

"ते कळलं. पण अंडी खाल्ली कोणी?"

अनंतानं घाईनं हेडफोन चढवले. माळकरी घरातला पोरगा माझा!

*

दसरा आला. ज्यावर पोट चालतं त्याची पूजा नको? अनंता चहाला गेल्यावर मी मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. पाणी थेट बटणांत! फट्ट! रेडिओ मुका!

अर्बाब धावत आला. "अनंत! शुक्रवार का तुम्हारा शो कोई सुनता नहीं, ऊपर से ये! एक महिना. फोन नहीं आया तो शो खलास, तुम भी खलास!"

म्हणजे व्हिसा गेला. सून, नातवंडं, सगळ्यांनी बॅगा भरायच्या!

*

मशीन दुरुस्त झालं, पण फोन करणारे एकटे मूळचे रत्नागिरीचे दाऊदभाई शिंपी. बिचाऱ्यांनी आमच्यासाठी एका शुक्रवारी चार नावांनी चार फोन केले.

अर्बाब म्हणाला, "चारों को एक ही खाँसी?"

*

शेवटी अनंता म्हणाला, "आई, तूच ओव्या म्हण."

"जात्याशिवाय? हात फिरला तरच ओवी सुटते, बाबा!"

पठ्ठ्यानं शेजारच्या अल खौदहून खरंच जुनं जातं आणलं! पीठ उडू नये म्हणून मशीनवर चादर टाकली, मी दळायला बसले. लगेच दाऊदभाईंचा फोन, "मावशी, रडवलंत! पण दळण जाडं पडतंय, आवाजावरनं कळतंय!"

तेही रेडिओवर, सगळ्यांदेखत!

*

महिन्याचा शेवटचा शुक्रवार. मी दळतेय, तोच दार उघडलं. अर्बाब, आणि त्याचा हात धरून, काठी टेकत त्याची म्हातारी आई. तिच्या काखेतल्या छोट्या रेडिओवर माझीच ओवी!

"संपलं," अनंता पुटपुटला.

म्हातारीनं काठी टाकली. माझ्यासमोर फतकल मारली, मूठभर गहू जात्यात घातले, माझ्या हातावर हात ठेवून खुंटा धरला आणि गायलाच लागली! मला अरबी कुठलं कळायला? पण हाताची लय तीच. मीही ओवी उचलली.

अर्बाबनं घड्याळ बघितलं. "यल्ला, उम्मी, चलो..."

म्हातारीनं त्याच्या पाठीत असा धपाटा घातला, की पांढऱ्याशुभ्र झग्यावर पिठाची पाच बोटं! आवाज रेडिओवर गेला.

अर्बाब पाठ चोळत दारापर्यंत गेला, वळला.

"अनंत, शुक्रवार नहीं. रोज. और व्हिसा का कागज कल लाना."