घोड्याची मात

मामंजी गेल्याची तार आली तेव्हा मी माहेरी, जेऊरला होते. वडिलांनी ती वाचली आणि माझ्या हाती दिली. मिळेल त्या गाडीने सोलापूरला आले, पण तोवर सगळं उरकलं होतं...

आमचं कापडाचं दुकान नवी पेठेत. तिथे मामंजी दिवसभर गिऱ्हाइकांशी कन्नड-तेलुगूत गप्पा मारत. घरी मात्र मी त्यांच्यासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही, ही रीत. पाणी ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. यजमान दुकानात गुंतले. बुद्धिबळाला येणाऱ्या स्नेह्यांना त्यांचं अडखळणं बघवेना, तेही येईनासे झाले. एका दुपारी मी औषध घेऊन गेले, तर पट मांडलेला. डाव्या हाताने त्यांनी मला समोर बसायची खूण केली.

चाली हळूहळू कळल्या. मग ते रोज एकच डाव मांडू लागले. कोपऱ्यात त्यांचा राजा, पुढ्यात त्यांचीच प्यादी, जवळ हत्ती. माझ्याकडे वजीर आणि घोडा. मी वजिराला जपायची. ते हसत आणि सोंगट्या पुन्हा जागच्या जागी ठेवत. शेवटी एकदा हिय्या करून मी वजीर थेट राजाला खेटून ठेवला. त्याला घोड्याचा जोर, म्हणून राजाला तो मारता येईना, हत्तीनेच मारला. आणि मला दिसलं... हत्ती शेजारी आल्यावर राजाला हलायला घरच उरलं नव्हतं. आपल्याच माणसांत कोंडला होता बिचारा. मी घोडा उचलून शह दिला.

मामंजी माझ्याकडे बघत राहिले. मात झाली की तसं म्हणावं लागतं.

"मामंजी, मात," मी म्हणाले. त्यांच्याशी बोललेले माझे पहिले शब्द.

"पुन्हा... म्हण," ते म्हणाले.

दाराशी सासूबाई उभ्या होत्या. सून आता सासऱ्याशी बोलाया लागली व्हय, असं त्यांनी विचारलं. उत्तर जुळवायला मामंजींना फार वेळ लागला. आम्ही दोघी थांबलो.

"बोलू दे तिला... मला बी... कुणी हवं की."

त्यानंतर दुपारी आम्ही बोलत बसायचो. त्यांचा शब्द अडला की मी सुचवायची नाही, वाट बघायची. तरुणपणी पाठीवर गाठोडं घेऊन त्यांनी वळसंगच्या बाजारात, मग गावोगाव कापड विकलं होतं, ते मला असं तुकड्यातुकड्याने कळलं. यजमानांनाही त्यातलं फारसं ठाऊक नव्हतं.

परवा जेवणं आटोपल्यावर सासूबाई मामंजींच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या होत्या. मी शेजारी टेकले. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुला काय काय सांगायचे गं ते? मला कधी बोलले न्हाईत..."

मी वळसंगच्या बाजारापासून सुरुवात केली.