म्हशीसह एक मुक्काम

न्हावऱ्यातील वेल्डिंगच्या दुकानापुढे एक छोटी ट्रॉली अर्धी रस्त्यावर उभी होती. सार्वजनिक रस्त्यास अडथळा करणे हा गुन्हा आहे, हे मालकास सुनावण्यासाठीच मी संतापून थांबलो. त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही. तो पन्नाशीचा शेतकरी ट्रॉलीतील फळीवर आडवा होऊन, पाय मावतात का ते पाहत होता.

"आबा, वाईच थांबा. सहलीची गाडी हाय ही," तो म्हणाला.

नदीकाठच्या एका मुक्कामासाठी पुढे पलंग आणि शेगडी, मधल्या पत्र्यामागे म्हैस, असा त्याचा बेत होता. ती म्हैस त्याच्या पत्नीखेरीज कोणालाही धार काढू देत नसे. त्यामुळे पत्नी कित्येक वर्षांत एक रात्रही घराबाहेर राहिली नव्हती.

म्हशीची सहल कोणत्या कलमात बसते, ते मला आठवेना. तेवढ्यात मधल्या पत्र्यावर खडूने खिडकी आखत तो कौतुकाने म्हणाला, "हितनं हिला पडल्या पडल्या म्हस दिसंल."

दुकानाच्या दारात उभी असलेली पत्नी म्हणाली, "नदीवर जाऊन बी तिचंच तोंड बघू व्हय?"

त्याने ती खिडकी तळहाताने पुसली आणि बाहेरच्या पत्र्यावर दुप्पट मोठी आखली.

अडथळ्याचे मी त्यास सुनावलेच. ट्रॉली आत ढकलताना मात्र एका बाजूने मीही हात लावला.